नवी कुदळ मारण्याआधी जुनं देणं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पुरातत्त्वीय वारशाच्या पुढच्या दहा वर्षांच्या आराखड्यासाठी समिती नेमली आहे, तुम्ही तिच्यात प्रशासनाच्या बाजूने आहात आणि पुरातत्त्वाचं शिक्षण तुम्ही घेतलेलं नाही. समोर १९ कलमांची यादी आहे आणि तज्ज्ञ सदस्यांनी प्रत्येक कलमापुढे ‘अत्यंत महत्त्वाचे’ असा शेरा मारला आहे. यातलं आधी काय घ्यायचं, ड्रोन-लायडार (वरून लेझर टाकून जमिनीचा नकाशा काढणं) आणि डिजिटायझेशन सगळ्यांच्या वर ठेवावं का, आणि लोकांचं लक्ष वेधेल असं एखादं मोठं उत्खनन सुरुवातीलाच करावं का, हे तुम्ही विचारलंय.

मोठ्या उत्खननाचं उत्तर शेवटी देतो, कारण ते शेवटीच यायला हवं. तुमच्या यादीत १७व्या क्रमांकावर एक कलम आहे: ‘भांडारगृहांची सुधारणा व प्रलंबित उत्खनन अहवाल’. माझं ऐकाल तर ते उचला आणि पहिल्या क्रमांकावर ठेवा. बाकीच्या १८ कलमांवर वाद घालायला मग पुष्कळ वेळ आहे.

उत्खननाचं काम इतर संशोधनासारखं नसतं. प्रयोगशाळेत प्रयोग फसला तर पुन्हा करता येतो. मातीचा थर एकदा खणून काढला की तो जगात कुठेच उरत नाही. उरतात त्या वहीतल्या नोंदी, चराच्या बाजूचं रेखाटन, फोटो, आणि पिशव्यांत भरलेली खापरं, हाडं, कोळशाचे नि मातीचे नमुने. म्हणजे खणणारा माणूस जमिनीकडून उसनं घेत असतो. अहवाल छापला आणि वस्तू व नोंदी पुढच्या माणसाला सापडतील अशा लावून ठेवल्या, की ते उसनं फिटतं. आमच्या व्यवसायात थकबाकीदार फार आहेत. त्यांतला एक मी.

काही वर्षांपूर्वी एका भांडारात जुनं साहित्य तपासायला बसलो होतो. कापडी पिशव्या, एकावर एक रचलेल्या, खालच्या पिशव्यांचं कापड वरच्या वजनाने फाटलेलं. एक पिशवी उघडली तर आतलं लेबल कसरीने खाल्लं होतं. कागदाची किनार तेवढी राहिली होती, मधली जागा, म्हणजे नेमकी जिथे चराचा आणि थराचा क्रमांक असतो ती, जाळीसारखी झाली होती. बाहेरचं लेबल सुतळीला बांधलेलं, त्यावरची शाई उडालेली. खापरं ओतली. दोनशेच्या वर असतील. त्यांतल्या बारा तुकड्यांवर आतल्या बाजूला पांढऱ्या शाईत बारीक अक्षरांत क्रमांक घातलेला होता. बाकी सगळी कोरी. भांडार सांभाळणारा माणूस शेजारी उभा होता. तो म्हणाला, “साहेब, हे अक्षर तुमचंच ना?”

माझंच होतं. त्या हंगामात पाऊस तोंडावर आला होता, चर संपवायचा होता. प्रत्येक खापरावर क्रमांक घालण्याचं कंटाळवाणं काम मी ‘शिबिर उठल्यावर बघू’ म्हणून मागे टाकलं. शिबिर उठलं, पुढचं काम आलं. त्या बारा तुकड्यांवरून आज एवढंच सांगता येतं की त्या थरात अशी भांडी होती. उरलेली कुठल्या थरातली, कशाच्या वर आणि कशाच्या खाली सापडली, हे कुणालाच सांगता येणार नाही. पुरातत्त्वाच्या दृष्टीने ती आता खडी आहे. दरोडेखोराने जागा उकरली असती तरी परिणाम हाच झाला असता, फक्त मी ते सरकारी परवानगीने केलं.

म्हणून समितीच्या पहिल्या सहा महिन्यांत एकच तक्ता तयार करून घ्या. तुमच्या कार्यक्षेत्रात आजवर जेवढी उत्खननं झाली, त्यांतल्या प्रत्येकाचं वर्ष, प्रमुख कोण, वह्या आणि नकाशे कुठे आहेत, साहित्य कुठे आहे, अहवाल निघाला की नाही. यासाठी मोठा निधी लागत नाही, चिकाटीचा एक माणूस लागतो आणि त्याच्या हातात दारं उघडणारं एक पत्र लागतं. तक्ता भरताना कळेल की अनेक वह्या कार्यालयात नसून निवृत्त झालेल्या लोकांच्या माळ्यावर आहेत. ती माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. चर क्रमांक चारमध्ये ‘तो काळा पट्टा’ म्हणजे काय, हे फक्त त्यांच्या डोक्यात आहे. त्यांच्याकडे जाऊन, वही समोर ठेवून, बोलणं ध्वनिमुद्रित करून घ्या. पुढच्या दहा वर्षांत करायचं म्हणून यादीत जे काही आहे, त्यात या एका कामाला खरोखर पुढच्या वर्षीपर्यंत थांबता येत नाही.

भांडाराचं काय होऊ शकतं, हे जगाने २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री रिओ द जानेरोत पाहिलं. ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयात सुमारे २ कोटी नग होते. आग लागली तेव्हा जवळच्या हायड्रंटना पाणी नव्हतं. संग्रहाचा फार मोठा भाग जळून गेला. ‘लुझिया’ या नावाने ओळखली जाणारी, अमेरिका खंडातल्या सगळ्यात जुन्या मानवी अवशेषांत गणली जाणारी, सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीची कवटी ढिगाऱ्यातून तुकड्यांच्या रूपात मिळाली. ती धातूच्या पेटीत ठेवलेली होती, म्हणून. एक पेटी! इमारतीच्या देखभालीचे पैसे वर्षानुवर्षं कमी पडत होते हे सगळ्यांना माहीत होतं, पण देखभालीचं उद्घाटन होत नाही, त्यामुळे ती नेहमी मागे पडते.

रोममधल्या इक्रोम या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘रि-ऑर्ग’ नावाची एक पद्धत तयार केली आहे, ती खास लहान, कमी पैशांच्या संग्रहालयांच्या भांडारांसाठी आहे. तिचं सार साधं आहे: आधी भांडारातलं जे संग्रहाचं नाही ते बाहेर काढा, म्हणजे मोडक्या खुर्च्या, जुन्या प्रदर्शनांचे फलक, रंगाचे डबे. प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला क्रमांक द्या. जमिनीवर काहीही ठेवू नका. मी एका ठिकाणी हे करून पाहिलं. नवी इमारत हवी म्हणून जिथून दहा वर्षं पत्रं जात होती, तिथे भंगार काढल्यावर तिसरा हिस्सा जागा मोकळी झाली.

आता उरलेल्या यादीकडे वळू. सगळ्यांना ‘अत्यंत महत्त्वाचे’ का लिहिलं गेलं, तर समितीने प्रश्नच तसा विचारला. कुठलाही अभ्यासक आपल्या विषयाला कमी महत्त्वाचा म्हणणार नाही. महत्त्व विचारूच नका. प्रत्येक पुरास्थळाबद्दल आणि प्रत्येक कामाबद्दल तीन गोष्टी विचारा. आपण काहीच केलं नाही तर हे किती वर्षांत जाईल? गेलं तर अशी माहिती दुसरीकडे कुठे मिळते का? आणि आपल्या हातात असलेल्या माणसांनी, पैशांनी ते थांबवता येईल का? तिसरा प्रश्न कठोर वाटतो. समुद्र ज्या कड्याला दरवर्षी खातोय तिथे भिंत बांधून उपयोग नसेल, तर ती जागा ‘जतन’च्या रकान्यातून काढून ‘खणून नोंदवा’च्या रकान्यात टाकावी लागते. तिन्ही उत्तरांची गुणांमध्ये सरासरी मात्र काढू नका. सरासरीत पाच वर्षांत वाहून जाणारं टेकाड आणि पाचशे वर्षं टिकणारा दगडी बुरूज शेजारी येऊन बसतात.

हे प्रश्न विचारायचे तर आधी काय कुठे आहे ते माहीत हवं, आणि इथे तुमच्या लायडारचा मुद्दा येतो. विमानातून लेझरचे झोत टाकून झाडीखालची जमीन दिसते, हे तंत्र खरंच थक्क करणारं आहे. ग्वाटेमालाच्या जंगलात सुमारे २,१०० चौरस किलोमीटरवर ते वापरलं गेलं आणि २०१८ मध्ये ६०,००० हून अधिक माया बांधकामं नव्याने समोर आली. मग करावं की नाही? करावं, पण त्यानंतर त्या प्रत्येक ठिपक्याकडे कोण जाणार हे ठरवून. नकाशावर ठिपका पडल्याने टेकाडावरचा नांगर थांबत नाही. इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात एक मोठी पाहणी झाली. तिचा निष्कर्ष होता की १९४५ पासून सरासरी दिवसाला एक पुरास्थळ नष्ट झालं. त्यात युद्ध नव्हतं, भूकंप नव्हता; नांगरट, घरं, रस्ते, खाणी होत्या. आणि एक सावधगिरी: नेमके अक्षांश-रेखांश जनतेसाठी खुले करू नका. चोराला तेवढंच हवं असतं. सार्वजनिक नकाशावर एखाद्या किलोमीटरचा चौकोन पुरेसा आहे.

तुमच्या यादीतलं ‘जागेवरच जतन’ हे कलम मला सगळ्यात जास्त धास्तावतं, कारण सगळ्यांना वाटतं की हे फुकट आहे. खणलं नाही, मातीखाली ठेवलं, झालं! उत्तर इंग्लंडमधल्या स्टार कार इथे १९४९ ते १९५१ दरम्यान सुमारे ११,००० वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या वस्तीचं उत्खनन झालं. दलदलीतल्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओल्या थरात, हरणांच्या शिंगांची टोकदार हत्यारं, लाकूड, हाडं अप्रतिम टिकली होती. बाकीचं सुरक्षित आहे म्हणून जमिनीत सोडलं. आसपासच्या शेतीसाठी पाण्याचा निचरा झाला, भूजल खाली गेलं, पीटमध्ये हवा शिरली आणि माती आम्लधर्मी होत गेली. या शतकात पुन्हा खणलं तेव्हा काही हाडं बोटांनी दाबली तर वाकतील इतकी मऊ झालेली होती. कुणी त्यांना हात लावला नव्हता. हात न लावणं आणि जपणं यांतलं अंतर तिथे दिसतं.

याच्या पुढची गोष्ट टांझानियातल्या लायटोलीची. १९७८ मध्ये मेरी लीकी यांच्या चमूला ज्वालामुखीच्या राखेत उमटलेले, सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे, दोन पायांवर चालणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या पावलांचे ठसे मिळाले. अभ्यास झाल्यावर ते पुन्हा मातीने बुजवून टाकले. निर्णय योग्यच होता. पण भरावासाठी टाकलेल्या मातीत बाभळीच्या जातीच्या झाडांच्या बिया होत्या. त्या रुजल्या. झाडं वाढली आणि मुळं खाली, ठशांच्या दिशेने गेली. १९९० च्या दशकात गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूट आणि टांझानिया सरकार यांनी मिळून झाडं मारली, मुळं एकेक करून कापून काढली, ठसे पुन्हा तपासले आणि मग नव्याने बुजवले, या वेळी चाळलेल्या मातीचे आणि भू-वस्त्राचे थर घालून. मुळं खाली जाऊ नयेत म्हणून त्या कापडात रसायनही होतं. ही गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो, आणि सांगून झालं की विचारतो, तुमच्या बुजवलेल्या चरांवर आज काय उगवलंय? बहुतेक वेळा कुणीच जाऊन पाहिलेलं नसतं. तेव्हा ‘जागेवरच जतन’ या कलमाच्या पुढे भूजलाची नोंद कोण घेणार, झुडपं कोण काढणार आणि वर्षातून किती वेळा, हे लिहिलेलं नसेल तर ते कलम म्हणजे दुर्लक्षाला दिलेलं गोंडस नाव आहे.

उघड्या अवशेषांच्या बाबतीत शत्रू बहुधा एकच असतो, पाणी. छतावरून गळणारं, भिंतीच्या पायाशी साचणारं, जमिनीतून वर चढून विटांत मीठ सोडणारं. मोहेंजोदडोच्या विटा १९२० च्या दशकात उघड्या झाल्या आणि तेव्हापासून खारं भूजल त्यांना आतून फोडत आलं आहे. युनेस्कोची त्यासाठीची आंतरराष्ट्रीय मोहीम १९७४ ते १९९७ अशी दोन दशकांहून जास्त चालली. ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या इटलीतल्या पॉम्पेईत नोव्हेंबर २०१० मध्ये पावसानंतर ‘स्कोला अर्मातुरारम’ ही इमारत कोसळली. दुसऱ्या महायुद्धात बाँबने मोडलेल्या त्या इमारतीवर नंतर काँक्रीटचं जड छप्पर घातलेलं होतं. मग २०१२ पासून साडेदहा कोटी युरोंचा प्रकल्प आला. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत फारसं नव्हतं: न खणलेल्या भागाच्या मातीच्या उभ्या कडांचा दाब आणि पाणी शेजारच्या प्राचीन भिंतींवर येत होतं, तर त्या कडांना उतार देणं आणि पाण्याला वाट करून देणं. नंतर गाजलेली, ग्रीक पुराणातल्या लीडा आणि हंसाचं भित्तिचित्र असलेली खोली २०१८ मध्ये याच कामात उजेडात आली. पाण्याची वाट मोकळी करता करता चित्र सापडलं!

म्हणून देखभालीचा निधी वेगळा, दरवर्षी मिळणारा आणि जीर्णोद्धारात वळवता न येणारा असा ठेवा. पावसाआधी गटारं साफ करणं, भिंतींच्या माथ्यावरची रोपटी मूळ जाड होण्याआधी उपटणं, फाटकी ताडपत्री बदलणं. याला कुठलीही निविदा लागत नाही. याउलट भव्य जीर्णोद्धाराचा प्रस्ताव आला की हात आखडता घ्या. अथेन्सच्या ॲक्रोपोलिसवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निकोलाओस बालानोस यांनी कोसळलेले संगमरवरी भाग पुन्हा उभे केले. प्राचीन कारागीर दगड एकमेकांना जोडणाऱ्या लोखंडी आकड्यांवर शिसं ओतत, म्हणजे लोखंडाला हवा-पाणी लागत नसे. बालानोस यांच्या आकड्यांवर ते कवच नव्हतं. लोखंड गंजलं, फुगलं आणि २,४०० वर्षं टिकलेला संगमरवर आतून तडकला. १९७५ पासून तिथे चालू असलेल्या कामाचा मोठा भाग म्हणजे ते आकडे काढून टायटॅनियमचे बसवणं. ग्रीसच्या क्रीट बेटावर क्नोसोसला उत्खनन करणारे सर आर्थर इव्हान्स यांनी सळयांचं काँक्रीट वापरून राजवाड्याचे मजले उभे केले. आता त्या काँक्रीटचंच जतन करावं लागतंय. वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत एक नियम आहे, अंदाज जिथे सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तुमच्या समितीत कुणी ‘मूळ वैभव परत आणू’ म्हणालं की त्यांना विचारा, मूळ छप्पर कसं होतं हे कशावरून?

ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचं कलम खोडून टाका. त्याच्या तारांसाठी जागेवर चर खणतात आणि ते चर कुणी पुरातत्त्वज्ञ खणत नाही. वाहनतळ आणि स्वच्छतागृहांचंही तेच. मी पाहिलेल्या कितीतरी जागांवर सगळ्यात मोठा विध्वंस पर्यटकांच्या सोयीसाठी केलेल्या खोदकामात झालेला आहे. पर्यटक यावेत, पण गर्दीची मर्यादा आधी ठरवून. फ्रान्समधली आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांच्या श्वासाने, उष्णतेने आणि दिव्यांनी भिंतींवर शेवाळ आणि क्षार धरले होते. १९९४ मध्ये तिथेच तशीच चित्रं असलेली शोवे गुहा सापडली तेव्हा ती लोकांसाठी उघडलीच नाही, तिची प्रतिकृती बांधली.

रस्ते, धरणं, इमारती यांच्याशी होणारी टक्कर हा मोठा विषय आहे, पण त्यातलं तत्त्व एका वाक्यात मावतं: पुरातत्त्वज्ञाला बुलडोझरच्या आधी बोलवा, नंतर नको. लंडनमध्ये १९८९ साली कार्यालयाची इमारत बांधताना ‘रोझ’ हे सोळाव्या शतकातलं नाट्यगृह सापडलं. काम थांबवायला लोक आणि अभिनेते रस्त्यावर उतरले, शेवटी इमारतीची रचना बदलून अवशेष तिच्याखाली ठेवावे लागले. विकासकाचे पैसे गेले, सरकारची अब्रू गेली. पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या नियोजन मार्गदर्शनात पुरातत्त्व आलं, आणि १९९२ च्या व्हॅलेटा कराराने युरोपात हाच विचार मान्य झाला की बांधकाम परवानगीच्या टप्प्यावरच तपासणी व्हावी आणि तिचा खर्च प्रकल्पात धरावा. या व्यवस्थेचं दुखणंही सांगून ठेवतो. कंत्राटी उत्खननं इतकी वाढतात की अहवाल फाइलमध्ये पडून राहतात आणि खोक्यांना जागा उरत नाही. तेव्हा परवानगीच्या अटींत खणण्याइतकंच अहवालाची मुदत आणि साहित्य ठेवण्याचा खर्च लिहून घ्या. नाहीतर थकबाकीच वाढेल, आणि तीही दुसऱ्याच्या पैशाने.

डिजिटायझेशनबद्दल माझं मत मिश्र आहे. जुन्या वह्या, नकाशे, निगेटिव्ह यांच्या प्रती ताबडतोब करा, याबद्दल दुमत नाही. पण डिजिटल प्रत म्हणजे आणखी एक भांडार, आणि त्यालाही कसर लागते. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने ‘डोम्सडे’ प्रकल्पात लाखो लोकांच्या मदतीने देशाचं चित्र लेझर डिस्कवर साठवलं. पंधरा-सोळा वर्षांत त्या डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि माहिती वाचवायला वेगळा प्रकल्प करावा लागला. ज्याच्या नावावरून हे नाव घेतलं तो १०८६ सालचा चर्मपत्रावरचा दस्तऐवज मात्र अजून वाचता येतो. त्रिमितीय स्कॅनच्या ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारा: ही फाइल कुठल्या स्वरूपात देणार, आणि तुमचं सॉफ्टवेअर नसताना ती उघडेल का? यॉर्कमध्ये १९९६ पासून पुरातत्त्वाच्या डिजिटल नोंदी सांभाळणारी एक स्वतंत्र सेवा आहे. फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेत राहणं हेच त्यांचं रोजचं काम. तुमच्याकडे असं कुणी नसेल तर चांगल्या कागदावर छापील प्रत ठेवा, हसू नका.

चोरी आणि युद्धाबद्दल थोडंच लिहितो, कारण त्यावर समितीच्या हातात फारसं काही नसतं. एक गोष्ट मात्र असते. एप्रिल २००३ मध्ये बगदादचं संग्रहालय लुटलं गेलं, सुमारे १५,००० वस्तू गेल्या. कुठलीही चोरीची वस्तू परत मिळवायची तर ती आपली होती हे सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी फोटो, मापं, खुणा, दोष यांची नोंद चोरीच्या आधीची हवी. १९९७ पासून यासाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ हा आंतरराष्ट्रीय नमुना आहे, एका पानात मावतो. म्हणजे पुन्हा आपण भांडाराच्या दारातच आलो.

आणि माणसं. तुमच्या यादीत ‘जनजागृती’ असं कलम आहे. ते मला आवडत नाही, कारण त्यात आपण जागे आणि लोक झोपलेले असं गृहीत धरलंय. अलास्काच्या किनाऱ्यावर नुनालेक नावाची, युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांची जुनी वस्ती आहे. कायम गोठलेली जमीन वितळतेय आणि समुद्र ती वस्ती ओढून नेतोय. पूर्वजांची जागा खणावी का, याबद्दल जवळच्या क्विनहागाक गावात आधी मतभेद होते. लाकडी वस्तू किनाऱ्यावर वाहून यायला लागल्या तेव्हा गावाने ठरवलं, आणि ॲबर्डीन विद्यापीठाच्या संशोधकांबरोबर २००९ पासून काम सुरू झालं. हजारो वस्तू निघाल्या, आणि त्या दूरच्या राजधानीत न जाता २०१८ मध्ये गावातच उघडलेल्या केंद्रात आल्या. वादळानंतर किनाऱ्यावर काय उघडं पडलंय हे बघायला तिथे बाहेरून कुणी यावं लागत नाही. जागेपासून अर्ध्या तासावर राहणाऱ्या माणसाला महिन्याचं नियमित मानधन, एक फोन आणि तक्रार केल्यावर दोन दिवसांत कुणीतरी येईल याची खात्री, इतकं दिलंत तर ‘जनजागृती’चा सगळा निधी तिथेच खर्च करा.

राहता राहिला मोठ्या उत्खननाचा प्रश्न. युनेस्कोने १९५६ मध्ये नवी दिल्लीच्या अधिवेशनात उत्खननाबद्दल जी शिफारस स्वीकारली, तिच्यात म्हटलंय की काही जागा पूर्ण किंवा अंशतः न खणता राखून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या सुधारलेल्या तंत्राचा आणि ज्ञानाचा त्यांना फायदा मिळेल. चीनमध्ये १९७४ साली विहीर खणताना मातीचे सैनिक सापडले. ते रंगवलेले होते, पण जमिनीच्या ओलाव्यातून बाहेर येताच रंगाखालचा लाखेचा थर आक्रसून काही मिनिटांत सुटायला लागे. हे थांबवण्याचे उपाय सापडायला बरीच वर्षं गेली. हे सैनिक ज्याच्या समाधीसाठी घडवले होते, त्या सम्राट चिन श हुआंगची मुख्य समाधी अजून उघडलेली नाही, आणि तिथल्या पुरातत्त्वज्ञांना त्याची घाई नाही.

तरी ‘कधीच खणू नका’ असं मी म्हणणार नाही. खणल्याशिवाय नवे प्रश्न सुचत नाहीत आणि नवी पोरं शिकत नाहीत. वर सांगितलेला तक्ता पूर्ण झाल्यावर, ज्या जागा नाहीतरी जाणारच आहेत त्यांतली एक निवडा आणि कोपऱ्यात दोन चर घ्या. माझ्या अनुभवात एका हंगामाच्या खणण्यामागे टेबलावरची दोन ते तीन वर्षं जातात: धुणं, क्रमांक घालणं, रेखाटनं, काळ ठरवण्यासाठी नमुने पाठवणं, लिहिणं. अंदाजपत्रकात चराला जेवढे पैसे, त्याच्या निदान दुप्पट या टेबलाला लावा आणि ते पहिल्याच दिवशी वेगळे काढा. आमच्यापैकी जो उत्खनन प्रमुख होऊ इच्छितो त्याला त्याच्या मागच्या उत्खननाचा छापील अहवाल मागा. माझा अर्ज आला तर मलाही मागा. एक अजून बाकी आहे.